इंग्लंडला निघालेली द्राक्षं

आवं, इंग्लंडच्या राजकारणाशी माझा काय संबंध? मी पलूसकडची अंजना. नवरा फौजेत, राजस्थानात, आन् द्राक्षबाग माझ्या अंगावर. पर त्या मार्चात मी लंडनच्या पुढाऱ्यांना जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या माझ्या सासूनं मला उभ्या जन्मात दिल्या न्हाईत.

झालं काय, की पहिल्यांदाच माझ्या नावानं माल परदेशी जाणार हुता. बाईमाणसाला एक्स्पोर्ट जमायचं न्हाई, म्हनायचे लोक. मला ते जमवून दाखवायचं हुतं, एवढंच. घड विरळले, मणी फुगला, गोडी भरली. आन् ऐन तोडणीला सांगलीचा एक्स्पोर्टवाला जयराज म्हनतोय, "ताई, जरा थांबा. इंग्लंड त्या युरोपच्या युनियनमधनं बाहेर पडतंय. आपली बोट लागायची आन् त्याच दिवसांत त्येंची फारकत. बंदरात कागद कुठलं चालायचं, कुनालाच ठावं न्हाई. मंगळवारी त्येंच्या पार्लमेंटात मतदान हाय, बाहेर पडायच्या करारावर."

मंगळवारी मतं पडली. करार नको म्हनले. दुसऱ्या दिवशी परत मतं. कराराबिगर जायाचं बी नको म्हनले. मग ऱ्हावा की गप युनियनमधी! तर ते बी नको.

"आरं मग करायचंय तरी काय, गाढवांनो!" मी मोबाईलवरच्या बातम्या बघत वरडले. तिथं सगळी कोट घालून नुसती बोंबलत हुती. तिकडची जनता बी रस्त्यावर येऊन कपाळ बडवत हुती, तेवढं बघून जरा बरं वाटलं.

आमच्याकडं घर फुटलं, की भावकीतली चार म्हातारी माणसं बसवत्यात. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आदी उचलायचा. मग थोरला लबाडी करायला धजत न्हाई. आमी आन् माझे दीर जोतीराम भाऊजी सकाळी वेगळं झालो, दुपारच्या भाकरी दोन चुलींवर झाल्या. आन् ह्यांनी लोकांची मतं घेऊन फारकत ठरवली त्याला तीन वरसं झाली, अजून तवा कुनाचा ते ठरंना!

इकडं मणी पिवळा पडाय लागला. इंग्रजाला हिरवा मणी लागतो. आणखी आठ दिवस गेले असते, तर माल बेदाण्याच्या शेडातच घालायचा.

त्यात आमदार वीरधवलदादा गावात आले. निवडणूक तोंडावर आलेली. देवळापुढं माईक धरून म्हनले, "ते इंग्रज बगा! घर सोडाय निघाले आन् दार घावंना! आरं, घर सोडणाऱ्याचं कवा भलं झालंय का?" लय टाळ्या पडल्या. मी बी वाजवल्या. मागच्या खेपेला मत त्येंनाच दिलेलं.

शेवटी जयराजचा फोन आला. "ताई, त्येंनी तारीख पुढं ढकलली. उद्या तोडा!" मला रडूच फुटलं. दिवस उगवायला बायका लावल्या. हातात मोजे, डोक्याला टोप्या. मण्यावरची पांढरी झाक पुसता कामा न्हाई, म्हनून घड नुसता देठाला धरायचा. दुपारपातूर क्रेट भरून सावलीत लावले. गाडी मातर येईना. भाऊजींना मालाजवळ बसवलं आन् मी गाडी बघायला गेले.

गाडी चौकाच्या अलीकडं अडकलेली. पुढं मिरवणूक. ढोल, गुलाल, वर फटाके. वीरधवलदादांनी सकाळी साताऱ्यात पक्ष सोडलावता. दुसऱ्यात गेले बी! मतदान न्हाई, करार न्हाई, आंघोळीला लागतो तेवढ्या येळात काम फत्ते. मी डायवरशेजारी बसून हातपाय आपटत हुते. गाडी मुंगीच्या पायानं सरकत हुती.

चौकात पोचलो आन् बघतीय, तर क्रेनला हार चढतोय. माणसाएवढा जाड, द्राक्षांचा. खाली क्रेट, क्रेटवर माझं नाव. आन् क्रेटपाशी आमचे भाऊजी, गुलालानं लाल झालेले.

"वैनी, लय मोठा मान मिळाला!" ते वरडले. "दादांची माणसं बागंत आलीवती. म्हनली, हाराला असला माल जिल्ह्यात न्हाई. नाव झालं आपलं!"

"भाऊजी, मोजे तरी घातले हुते का?" मला दुसरं काय सुचंचना.

हार दादांच्या गळ्यापातूर येतोय न येतोय, तोवर लोकांनी वरबाडला. वरसाची मेहनत घटकाभरात संपली. एकानं माझ्याम्होरं घड धरला. "घ्या मावशी, लय ग्वाड हायती."

"मला ठावं हाय, मुडद्या!"

तेवढ्यात कुठल्या तरी चॅनेलवाल्यानं माझ्या तोंडाम्होरं माईक आणला. "ताई, दादांच्या निर्णयाबद्दल जनतेला काय वाटतं?"

महिनाभराचं साठलेलं सगळं वर आलं. "आरं बाबा," मी म्हनले, "त्या लंडनवाल्यांना मी रोज गाढव म्हनले. पर त्येंनी आदी लोकांना इचारलं तरी, जायाचं का ऱ्हायाचं. ह्यो माझं मत घेऊन गेला, माझा माल गळ्यात घालून गेला, आन् तू मला आता इचारतोयस व्हय रं?"

त्येनं माईक काढून घेतला आन् दादांच्या पाया पडायला रांगेत उभ्या असलेल्या भाऊजींम्होरं धरला.

भाऊजी म्हनले, "जनता लय खूश हाय."