करंजीसंग चटणी

रेश्माने आधी डावा पाय ओढून पाहिला, मग उजवा. दोन्ही पाय कुणाच्या तरी फराळाच्या डब्यांखाली अडकले होते. टेंभुर्णी मागे पडली तरी एसटीत माणसं चढतच होती. मांडीवरच्या मिठाईच्या खोक्यावर हनुवटी टेकवून ती नवऱ्याला म्हणाली, "असा शब्द हवा, जो ऐकला की तू असशील तिथून उठून यायचं. आणि मला तिथून बाहेर काढायचं."

"पाणी?" युवराजने सुचवलं.

"पाणी सगळेच मागतात. तू दिवसभर उठत बसशील."

रेश्मा पुण्यात पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. खोटा इशारा हुकलेल्या इशाऱ्याइतकाच घातक, हे तिला तिथे रोज पटत असे. गेल्या भाऊबीजेला मात्र तिचा स्वतःवरचा ताबा सुटला होता. युवराजच्या सारजाआत्या वैरागहून आल्या होत्या. "पाण्यात काय बघायचं असतंय? आरपार दिसतंय की!" असं त्यांनी तिसऱ्यांदा म्हटल्यावर, त्यांच्या विहिरीच्या पाण्यात काय काय निघू शकतं हे रेश्माने सर्वांदेखत, सविस्तर, जंतूंच्या नावांसकट सांगितलं होतं. आत्या ताडकन उठल्या आणि भावाला न ओवाळताच निघून गेल्या. सासरे कोंडीबा पाटावर बसलेले ते तसेच राहिले. पुढे वर्षभर आत्यांचे फोन आले, ते सगळे रेश्माच्या सासूला, शिवबाईंना ऐकावे लागले. औंदा असलं काही झालं तर भावाचा उंबरा चढणार नाही, असा आत्यांचा निरोप होता.

"चटणी," युवराज म्हणाला. "चटणी आहे का, असं विचारायचं."

"सोलापुरात? तिथे तर घरोघर चटणी."

"म्हणूनच! शेंगाची चटणी आमच्याकडे ताटात असतेच. मागतं कोण?"

या युक्तिवादात रेश्माला खोट सापडेना. शब्द ठरला.

दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला, सकाळीच आत्या सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या घरी हजर झाल्या. चपला काढता काढता त्यांनी घराचा रंग, सुनेचं वजन आणि कोंडीबांचा खोकला एवढं उरकून घेतलं. मग फराळाला बसताना नेमक्या रेश्माशेजारी बसल्या.

"मग काय, पाणी बघायची नोकरी हाय का सुटली?"

"आहे, आत्याबाई."

"श्रीपूरची माझी सून बघ. कारखान्याच्या हापिसात हाय, तरी कडक भाकरी करती, कागदावानी पातळ! तू शिकलीस का न्हाय अजून?"

"शिकतेय."

"पाणी बघून बघून वेळ मिळत नसंल म्हणा. तरी कायबी म्हण, आमच्या हिरीवानी पाणी..."

रेश्माने श्वास घेतला. जंतूंची नावं जिभेच्या टोकाशी येऊन रांगेत उभी राहिली. समोर शिवबाई चिवड्याचा डबा हातात धरून, न हलता उभ्या होत्या.

"चटणी आहे का?" रेश्मा मोठ्याने म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तेव्हा कुठे रेश्माच्या लक्षात आलं, आपल्या हातात अर्धी खाल्लेली करंजी आहे.

"करंजीसंग?" आत्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "करंजीसंग चटणी! अगं बया! शिवबाई, दिवस गेल्यात की हिला!"

"न्हाय हो वन्सं..." शिवबाई गोंधळून म्हणाल्या.

"न्हाय काय? मलाबी असंच व्हायचं. गुळासंग मिरची खायाचे मी."

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून युवराज धावत आला. "रेश्मा, तुझा फोन वाजतोय!"

फोन रेश्माच्या दुसऱ्या हातात होता आणि गप्प होता.

"बघा, नवरा कसा पळत येतोय!" आत्यांनी कौतुकाने कानशिलावर बोटं मोडली. "शब्द झेलतोय पोरगा!"

पुढचा अर्धा तास, असं काही नाही हे समजावण्यात गेला. आत्यांना ते पटलं, पण पटल्यावर त्यांची निराशा कुठे तरी जायला हवी होती. ती शिवबाईंकडे गेली.

"म्हंजे सुनेला चटणी मागून खावी लागती व्हय तुझ्या घरात? आमच्या आईच्या हयातीत कुणी मागितली न्हवती."

शिवबाईंनी चटणीची वाटी शिगोशीग भरून आणली आणि रेश्मापुढे ठेवली. वाटी ठेवणाऱ्या हाताकडे रेश्मा बघत राहिली. युवराजच्या युक्तिवादातली खोट आता तिला दिसली. ज्या घरात कुणी मागत नाही, तिथे मागणं हा घरधनिणीवरचा आरोप असतो.

दुपारी ती स्वयंपाकघरात कणीक मळायला बसली. शिवबाई पुरण वाटत होत्या.

"आई, सकाळचं... माझ्यामुळं तुम्हाला बोलणी बसली."

"तुला तिखट सोसत न्हाय," शिवबाई पुरणाकडे बघतच म्हणाल्या. "वाटी हाय तशी भरल्याली हाय."

रेश्माचे हात कणकेत थांबले.

"आन् युवराज," त्या पुढे म्हणाल्या, "पोरगा जल्मात माझ्या हाकंला उठला न्हाय. तू चटणी म्हणलीस, आन् उडी मारून आला."

रेश्माने मान खाली घातली. शिवबाई पुरण वाटता वाटता एकदा, स्वतःशीच, हसल्या.

जेवायला बसायला उशीर झाला. ओवाळणं त्यानंतर होतं. तबक कोनाड्यात तयार होतं. आत्या आता सुनेला सोडून भावजयीच्या पोळीकडे वळल्या होत्या.

"कड जाड ऱ्हायली. तुझ्या हाताला पैल्यापास्नं असंच. आईनं किती शिकवलं, पण शिकणाऱ्यानं मनावर घ्यावं लागतंय."

"व्हय, वन्सं."

"आमटीबी पातळ. दादा बोलत न्हाय म्हणून बरंय. दुसरा असता तर..."

कोंडीबा खरंच बोलत नव्हते. ते दुसरी पोळी तुपात बुडवत होते. शिवबाई वाढायला वाकल्या होत्या, तशाच थांबल्या. आमटीची पळी पातेल्यावर धरलेली, थेंब ठिबकतोय. त्यांनी कुणाकडेही न बघता विचारलं,

"रेश्मा, चटणी हाय का गं?"

"ही काय," कोंडीबांनी वाटी पुढे सरकवली. "भरल्याली हाय की."

युवराजने मान वर केली आणि आईकडे, मग बायकोकडे बघितलं. तोवर रेश्मा हात धुऊन उभी राहिली होती.

"आई, गच्चीवर तुमचं लुगडं वाळत घातलंय ना? वारा सुटलाय. मला एकटीला घडी घालता येणार नाही."

वारा अजिबात नव्हता. शिवबाईंनी पळी युवराजच्या हातात दिली, पदराला हात पुसले आणि सुनेच्या मागे जिना चढल्या.

गच्चीवर दोरी रिकामी होती. दोघी पाण्याच्या टाकीच्या सावलीत टेकून बसल्या. खाली गल्लीत पोरं लवंगी फटाके उडवत होती. शिवबाईंनी हळूच विचारलं,

"ह्यात किती वेळ बसायचं असतंय?"

"ते ठरवलंच नाही, आई."

शिवबाईंनी मान डोलावली. खालून आत्यांचा आवाज आला, "शिवबाई! अगं, तबक घिऊन मी बसलेय हितं! दादाला ओवाळायचं हाय का न्हाय?"

रेश्मा उठायला लागली, तशा शिवबाई तिला म्हणाल्या, "बघ, ओवाळाया बसल्यात. न ओवाळता जायच्या न्हाईत औंदा."

आणि त्यांनी टाकीला पाठ टेकवून दोन्ही पाय लांब केले.