खऱ्या वाक्यांचा क्लास

बर्था टीचरच्या इंग्रजीच्या क्लासला एक नियम होता. वाक्य स्वतःच्या घरातलं हवं आणि खरं हवं. तेच वाक्य तिन्ही काळांत बोलायचं. ते खोटं आहे हे कुणाला ठाऊक असेल, तर त्याने हात वर करायचा. पाठ केलेली वाक्यं जिभेवर टिकत नाहीत, असं टीचरचं म्हणणं.

गिरीज गावची क्षितिजा २००४ च्या जानेवारीपासून वसईतल्या या क्लासला यायची ती वाडीसाठी. शनिवार-रविवारी राजोडीच्या किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांना वडिलांच्या केळीच्या वाडीत आणायचं, फिरवायचं, पानावर जेवू घालायचं, असा तिचा बेत. तो ऐकून वडिलांनी, हरिभाऊंनी, मान डोलावली होती, क्लासची फीही त्यांनीच भरली होती.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी तिची पाळी आली. क्रियापद शेवटी टाकायची सवय सुटली नव्हती. तोंडून आलं, "माय फादर बनानाज प्लांट्स."

"क्रियापद बापाच्या शेजारी बसव, बाय," टीचर म्हणाल्या. "लग्न लागलंय त्यांचं."

सगळे हसले. क्षितिजाने वाक्य सुधारलं. माझे वडील केळी लावतात. गेल्या वर्षी लावल्या. पुढच्या वर्षी लावतील.

मागच्या बाकावर प्रितेशने हात वर केला. तो एका बिल्डरच्या ऑफिसात कामाला होता.

"टीचर, तिसरं खोटं आहे."

"का रे? हिच्या वडिलांचा हात मोडलाय?"

"तसं नाय. हरिभाऊंनी वाडी विकली ना. आमच्या साहेबांनी डिसेंबरात घेतली. मोजणीला टेपचं एक टोक मीच धरलेलं." तो क्षितिजाकडे वळला. "नियम आहे म्हणून बोललो. तुला माहीतच असेल."

आता कुणी हसलं नाही. डिसेंबरात बाबांनी तिला आठवडाभर राजोडीला मामाकडे पाठवलं होतं. मामी एकटी आहे, म्हणाले होते. मामी एकटी नव्हती.

"बस, बाय," टीचर म्हणाल्या. क्षितिजाला ते ऐकू गेलं नाही. पुढच्या मुलीचं वाक्य संपलं तरी ती उभीच होती.

ती घरी आली तेव्हा हरिभाऊ केळींना पाणी देत होते.

"बाबा, वाडी विकली तुम्ही?"

कुणी सांगितलं, हे त्यांनी विचारलं नाही. "विहिरीचं पाणी मचूळ होत चाललंय. दोन्ही बाजूंच्यांनी विकल्या. मधल्या तुकड्यात मी एकटा किती दिवस तग धरणार?"

"आणि माझा क्लास?"

"म्हणून तर घातलं तुला क्लासला," हरिभाऊ म्हणाले. "वाडी गेल्यावर नोकरी तरी लागावी."

क्षितिजा विहिरीपाशी गेली आणि तिने पंप बंद केला.

"चालू कर गो. शेवटची ओळ राहिलीय."

"कुणाच्या केळी आहेत त्या?"

हरिभाऊंनी फावड्याने पाटाचं तोंड शेवटच्या ओळीकडे वळवलं आणि पाणी येण्याची वाट बघत उभे राहिले.