सहा नंबरची बोट

सही तुमची आहे, साहेब. 'बोट पाण्यात सोडण्यास योग्य' या ओळीखाली तुमचीच सही आहे, आणि ती ठोकताना तुम्ही खुर्चीवरून उठलासुद्धा नाहीत.

आखातातल्या अजमानच्या धक्क्यावर, सहा नंबरच्या बोटीत गुडघे टेकून बसलेले सतीश कुबल मनातल्या मनात हेच घोकत होते. समोर इंजिन, आणि शेजारच्या काचेवर चिकटवलेला कंपनीच्या साहेबांच्या सहीचा तो कागद.

"बाबा, दिस वन ओन्ली," धक्क्यावरून अस्मी म्हणाली. "पिंक कव्हर, सो क्यूट."

अस्मीला आज सोळावं लागलं होतं. तिने एकच मागितलं होतं, बाबांनी बोट चालवायची. तेवीस वर्षं हा माणूस बोटींची इंजिनं खोलत आला, पण कागदावर हुद्दा हेल्परचा. परवान्याच्या परीक्षेसाठी कंपनीकडे तीनदा पत्र मागितलं, तिन्ही वेळा 'इन्शाल्ला' मिळालं. म्हणून आज ही भाड्याची, परवाना न लागणारी छोटी बोट. तीही त्याच कंपनीची.

"सतीश भाई, दस मिनिट से क्या देख रहे हो?" काउंटरवरच्या इद्रीसने विचारलं. "बच्चा भी चलाता है ये. एक घंटा, डेढ़ सौ दिरहम. यल्ला."

"साडेतीन हजार रुपये," त्यांची बायको अर्चना म्हणाली. "एवढ्यात मालवणात होडीवाला आठवडाभर घरचा होईल."

सतीश हसले नाहीत. इंजिन बोटीला जखडून ठेवणाऱ्या लोखंडी पट्टीचे चार बोल्ट त्यांच्यासमोर होते. चारही बोल्टांवर नेलपॉलिशचा गुलाबी ठिपका, अर्धा बोल्टवर, अर्धा पट्टीवर. ही त्यांचीच खूण. बोल्ट आवळला की अर्चनाच्या बाटलीतला एक थेंब द्यायचा. बोल्ट केसभर जरी फिरला तरी ठिपका तुटतो.

हे ठिपके त्यांनी मार्चमध्ये दिले होते, तात्पुरते बोल्ट आवळून. त्याच दिवशी साहेबांना लिहून दिलं होतं, पट्टीला तडा गेलाय, बदलल्याशिवाय बोट सोडू नये. पट्टी बदलायची तर बोल्ट उघडावे लागतात. आणि ठिपके चारही अखंड होते. त्यांनी पट्टीच्या मागे हात घातला. तड्यात पुट्टी भरून वर काळा रंग फासला होता. नख फिरवलं, तडा लागला. मार्चपेक्षा लांब.

अर्चना वाकली. तिचा आवाज खाली आला. "माझ्या बाटलीचा रंग आहे तो, मला नाही कळत? अहो, आपण तीन नंबर घेऊ. गप्प राहा. पुढच्या महिन्यात तुमच्या व्हिसाचं रिन्यूअल आहे, हिची बोर्डाची परीक्षा तोंडावर. काढून टाकलं तर कुठे जायचं आपण?"

बाई खोटं बोलत नव्हती. सतीश तीन नंबरमध्ये जाऊन बसले. इंजिन म्हातारं होतं, पण आवाज स्वच्छ. अस्मी शेजारी बसली. त्यांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. तेवीस वर्षांत पहिल्यांदा समोर मोकळं पाणी होतं आणि हातात पाना नव्हता.

"काका, तुम्ही ती सोडलीत ना? मग आम्ही घेतो," मागून मराठीत कोणी म्हणालं. अल बर्शाहून सहलीला आलेला तन्मय नावाचा तरुण बाप. त्याची पाचेक वर्षांची इरा केव्हाच सहा नंबरमध्ये चढून बसली होती, केशरी जॅकेट कानांपर्यंत आलेलं.

चालवणाऱ्याला परवाना लागत नाही म्हणजे त्याला काही कळण्याची गरज नाही, साहेब. कळायला हवं ते तुम्हाला.

सतीशनी इंजिन बंद केलं. "बाबा, व्हॉट हॅपन्ड?" अस्मीने विचारलं. ते उतरले, सहा नंबरपाशी गेले आणि इंजिनाची लाल सुरक्षा-दोरी उपटून घेतली. ती नसेल तर इंजिन सुरूच होत नाही.

"अहो काका, काय करताय?"

"पोरीला उतरवा. पट्टी तडकलेली आहे. भर खाडीत इंजिन निखळेल."

तन्मय इद्रीसकडे बघत राहिला. इद्रीस धावत आला. "पागल हो गए क्या? साहब की सही है."

"मालूम है. साहब को फोन लगाओ."

"नौकरी जाएगी, भाई," इद्रीस हळू म्हणाला.

"मालूम है."

मग अर्चनाने पर्स खांद्यावर सारली, बोटीत वाकून इराला काखेत उचललं आणि धक्क्यावर उभं केलं. नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही. अस्मी तीन नंबरमधून उतरली आणि जॅकेट काढून आईशेजारी येऊन उभी राहिली.

इद्रीसने नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन लांब धरला. लाल दोरी मनगटाला गुंडाळून सतीश उलट्या क्रेटवर बसले. रिंग वाजत राहिली.

हुद्दा हेल्परचाच राहू द्या, साहेब. पोरीला बोट चालवून दाखवायची राहिली, तीही राहू द्या. चारही ठिपके जागच्या जागी आहेत. मग सही कशावर केलीत? फोन उचला आणि तेवढं सांगा.