तोंडात कुंकू, पोटात धवला

मी डीव्हीडी ड्राइव्ह बोलतोय. या घरात मला ‘तो खण’ म्हणतात. माणसांबद्दल मला पूर्वी आदर होता, आता किळस येते. का येते ते ऐकाच.

ज्या कारखान्यात मी जन्मलो, तिथे हातमोजे घातल्याशिवाय मला कुणी शिवत नसे. माझा डोळा म्हणजे एक इवलंसं भिंग. त्यावर धुळीचा कण बसू नये म्हणून केवढा जीव टाकायचे! तिथून एका कॉम्प्युटरच्या पोटात बसून मी पेणजवळच्या खाडीकाठी आलो, नामाच्या घरी. नामा बंदरावर ट्रेलर चालवतो. बायको ठमी, मुलगा अल्पेश, मुलगी प्राप्ती. माणसं वाईट नाहीत, पण स्वच्छतेच्या नावानं बोंब.

पहिल्याच दसऱ्याला ठमीने कॉम्प्युटरची पूजा केली. बटण दाबलं की माझा खण बाहेर येतो, याचं तिला भारी कौतुक. पूजेला कुणीतरी आपण होऊन हात पुढे केल्यासारखं तिला वाटलं असावं. तिने त्यात हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूच्या पाकळ्या ठेवल्या आणि खण आत ढकलला. दर वर्षी हेच. पुढे सिनेमे मोबाइलवर आले, मला कुणी विचारेना, पण दसऱ्याचा घास काही चुकला नाही. कुजलेल्या पाकळ्या, खाऱ्या हवेत भिजून चिकटलेलं कुंकू, त्यात फिरणाऱ्या मुंग्या. शी!

यंदा प्राप्तीचं लग्न ठरलं आणि सगळ्यांना माझी आठवण झाली. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते. ती धवले गाऊन देवांना आणि घरातल्या पितरांना नावानिशी मांडवात बोलावते. गावची धवलारीण भागुबाई, ठमीची मावशी, दोन वर्षांपूर्वी वारली. तिच्यामागे गाणारं कुणी उरलं नाही, म्हणून लेकीच्या हळदीला ठमीच उभी राहणार होती. पण पितरांचा धवला तिला अर्धाच येत होता. दिराच्या लग्नात भागुबाईने तो पुरा म्हटला होता आणि त्या लग्नाची डीव्हीडी कपाटात होती.

“यूट्यूबवरचा लाव ना गं,” प्राप्ती म्हणाली.

“त्यात आपली नावं हायेत का? बोलावलंच न्हाय तर आपली मानसं येतील कशी?”

डिस्क माझ्या तोंडात आली. पडद्यावर अक्षरं उमटली, ‘डिस्क घाला’. अरे, घातली आहे, पण डोळ्यावर कुंकवाचा थर असताना मला दिसणार काय, कप्पाळ?

मग सुरू झाले उपचार. अल्पेशने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. नवा प्लेअर उतरवला, त्याच्या शेपटीला धरून शंभर जाहिराती आल्या. नामा म्हणाला, “फुक मार, चालतंय,” आणि त्याने मावा भरलेल्या तोंडाने डिस्कवर अशी फुंकर मारली की लाल शिंतोडे थेट माझ्या घशात गेले. ठमीने डिस्क भांड्यांच्या साबणाने धुतली आणि सुकायला ठेवली कुठे, तर बोंबलांच्या सुपात! तो वास घेऊन ती परत माझ्याकडे आली. वर अल्पेशने तिला टूथपेस्ट फासली. एवढं करून सगळ्यांचं एकमत झालं की दोष माझाच.

“भंगार हाय ह्यो,” अल्पेश म्हणाला आणि राग काढायला त्याने स्क्रू खोलून मला उघडलं. काळ्या पाकळ्या आणि अक्षता जमिनीवर सांडल्या.

“आये, ह्यात तांदूळ कुनी घातलं?”

ठमी खाली वाकून अक्षता वेचू लागली. अल्पेशने कापसाने माझा डोळा पुसला आणि मला पुन्हा जोडलं. कितीतरी वर्षांनी मला स्वच्छ दिसलं.

डिस्क फिरली. मांडव दिसला, हिरव्या लुगड्यातली भागुबाई दिसली. तिने तोंड उघडलं, आणि स्पीकरमधून सिनेमाचं धांगडधिंगा गाणं वाजू लागलं.

शूटिंगवाल्याने म्हातारीचा आवाज पुसून वर ते गाणं चिकटवलं होतं. मला तेव्हा जी शिसारी आली, तिच्यापुढे मावा, बोंबील, टूथपेस्ट सगळं परवडलं. ती घाण पुसता तरी येत होती.

“खरा आवाज न्हायच यात,” अल्पेश हळूच म्हणाला.

ठमी डोळ्यांना पदर लावून बसली. मग म्हणाली, “आवाज बंद कर. तोंड दिसतंय ना तिचं?”

ती भागुबाईचे ओठ बघू लागली आणि त्यांच्याबरोबर आपले हलवू लागली. “मागं घे.” मी मागे गेलो. “परत.” परत. एकेक शब्द तिला सापडत गेला. मी जन्मात इतक्या मनापासून फिरलो नव्हतो. आणि ऐन नावांच्या जागी कॅमेरा वळला तो नवरदेवाच्या मित्रांचा नाच दाखवायला! परत भागुबाईवर आला तेव्हा ती पुढे निघून गेली होती. नामाला विचारलं, त्यालाही आजोबांपलीकडे कुणी आठवेना. तेवढी नावं गेली.

शूटिंगवाल्यांनो, हात जोडून सांगतो, नाच हवा तेवढा दाखवा. पण म्हातारी गात असेल तेव्हा तिच्यासमोरून हलू नका आणि तिच्या तोंडात दुसऱ्याचं गाणं कोंबू नका.

लग्नानंतर मी भंगारात जाणार आहे, तसं ठरलंय. जाऊ दे. काल हळद होती. मांडव दारातच होता, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. ठमी खड्या आवाजात गात होती. त्या नावांपाशी आली आणि थांबली. मग ती चाल सोडून साध्या आवाजात म्हणाली, “ज्यांची नावं मला येत न्हाईत, त्यांनी बी या. घर तुमचंच हाय.”