गिनीपिगची मान कशानं वाकडी झाली

शेजारच्या शिंप्याशी माझी पैज लागली ती गिनीपिगवरून. हसू नका, आमच्या बिल्डिंगीत याहून फालतू गोष्टींवरून लागल्यात.

समोरची ताई प्रयोगशाळेत बहिरेपणावर औषध शोधते. गिनीपिगच्या कानात रोज थेंब सोडायचे. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि अचानक थेंबवाले गिनीपिग मान वाकडी करून गरागरा फिरायला लागले. बिनऔषधाचे मात्र मजेत. साहेब म्हणाले, औषध बाधत असेल तर काम बंद.

ताई जिन्यात रडवेली उभी. मी पडलो स्कूटर दुरुस्त करणारा, तोंडाला ब्रेक नाही. "नवं तेल घातल्यावर इंजिन खडखडलं, तर दोष तेलाचाच."

"मेल्या, धीर दे की तिला," शिंपी म्हणाला. "औषध चांगलंच आहे. लाव पैज."

"लावली. हरेल त्यानं ताई सांगेल ते करायचं, भर अंगणात."

ताईनं नाक पुसलं. "मला जुन्या विषाणूचा संशय आहे. कानाच्या पार आत गुपचूप झोपलेला असतो. प्राणी घाबरला, दमला की उठतो."

"मग औषधवाल्यांच्याच कानात बरा उठला?" मी विचारलं. "बाकीच्यांकडे काय सुट्टी होती?"

ती हळूच म्हणाली, "थेंब घालायला यांना रोज दाबून धरतो. बाकीच्यांना कुणी हातही लावत नाही, वेळ वाचावा म्हणून." आणि तशीच चपला अडकवून पळाली.

दुसऱ्या दिवसापासून बिनऔषधवाल्यांनाही रोज उचलून, धरून, कानात नुसतं मिठाचं पाणी.

"काय ताई, फिरला का कुणी?" मी येता-जाता विचारायचो.

"फिरेल. काका, तुम्ही गुडघ्यांना तेल लावून ठेवा."

एका संध्याकाळी ती धापा टाकत वर आली. "औषधाचा थेंब नाही, तरी दोघं फिरतायत. दोन्हीकडच्यांचे कान तपासले. आत तोच विषाणू. साहेब म्हणाले, काम चालू ठेवा."

मी जिन्यातच शिट्टी मारली. शिंपी बघतच राहिला. "अरे, तू हरलायस."

रविवारी सगळी बिल्डिंग गॅलरीत. मी अंगणात हात-गुडघे टेकले, तोंडात गाजर धरलं, मान वाकडी केली आणि फिरायला लागलो.

"घरची फरशी पुसायला कधी असे वाकला नाहीत," बायको वरून म्हणाली.

ताई खुर्ची टाकून बसली होती, परीक्षेला बसल्यासारखी गंभीर. "काका, मान डावीकडे आणि फिरताय उजवीकडे. आमचे मान कलते तिकडेच फिरतात. पुन्हा पहिल्यापासून."