झाकणाखालची तबकडी

"टेबलावर कोणतंबी वाजतंय, राजेश्वरशेठ. टेम्पोत वाजलं पायजे!" रेवणसिद्धानं दोन्ही सीडी प्लेअर काखोटीला मारले आणि अंबाजोगाईच्या त्या दुकानातून तो बाहेर पडला.

"आप्पा, घ्यायच्या आधीच वरात काढता का?" दुकानदार राजेश्वर हसत मागोमाग आला.

नांदूरघाटच्या वरातींत वीस वर्षं रेवणसिद्धाच्याच कॅसेटी वाजल्या होत्या. आता पोरांना सीडी हवी होती, आणि टेम्पो खड्ड्यात गेला तरी गाणं तुटायला नको होतं. लग्नसराई तोंडावर आलेली. रेवणसिद्धाचा उजवा कान कधीच गेला होता. डाव्यात फक्त मोठ्यानं बोललेलं शिरायचं. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. कॅसेटवर निभत होतं. फीत अडकली की काचेतून दिसायची. सीडीची तबकडी मात्र झाकणाखाली फिरते.

भागीदार अल्ताफनं टेम्पो मुद्दाम खड्ड्यांतून घातला. मागं स्पीकरजवळ रेवणसिद्ध आणि राजेश्वर. पहिला प्लेअर सुरू झाला. खडखडाटात गाणं रेवणसिद्धाच्या कानात नुसतं घुमत होतं. हिसक्यांत प्लेअरवरचे आकडे धड दिसत नव्हते, पण पुढं सरकत होते.

"ह्योच द्या. एकदाबी अडकला न्हाई."

"चेष्टा करता का आप्पा? चारदा अडकला की!"

रेवणसिद्ध हसला नाही. मग राजेश्वरचंही हसू विरलं. टेम्पो थांबवून अल्ताफ मागं आला.

"वायर ढिली आसंल," तो घाईनं, मोठ्यानं म्हणाला. "मीच नीट बशिवली न्हाई."

वायर रेवणसिद्धानं स्वतः बसवली होती.

"कवापासून ठावं हाय बे तुला?"

अल्ताफ काहीतरी पुटपुटला. रेवणसिद्धानं डावा कान पुढं केला.

"दोन सालं झाली!" अल्ताफला ओरडावंच लागलं. रस्त्यानं जाणारी माणसं वळून बघू लागली.

राजेश्वर उगाच स्पीकरवरची धूळ पुसू लागला.

"बरं," रेवणसिद्ध म्हणाला. "आता दुसरा लाव. अन् तूच आईक."

त्या लग्नसराईत यंत्रापाशी अल्ताफ बसू लागला. वरात निघाली की तेवढ्यापुरतं स्टेअरिंग रेवणसिद्धाच्या हाती येई. माणसाच्या चालीनं टेम्पो हाकत तो आरशात बघत राही. मागं नाचणाऱ्यांचे पाय थांबले की हलकेच ब्रेक दाबी. पाय उचलले की पुढं सरके.