तुळसाबाईचा पितळी कर्णा

तुळसाबाईनं शेवंतीच्या पोटाला कान लावला. काहीच ऐकू येईना. डावा कान काढून उजवा लावला. बेंबीखाली, मग जरा बाजूला, मग पार कुशीपाशी. कुठंच काही नाही.

पंचाईत अशी, की पोर गप्प झालंय की आपला कान, हेच तिला कळेना.

खोलीत सात-आठ बायका दाटीनं बसलेल्या. लालबागेतल्या त्या चाळीत बाळंतपण म्हणजे अख्ख्या मजल्याचं काम, आणि सुईण म्हणजे तुळसाबाई. सासू राधाबाई तिच्या तोंडाकडे टक लावून होती. शेवंतीचं हे तिसरं. आधीची दोन्ही पोटातच गेली होती. कालपासून हे हललं नव्हतं, आणि पहाटे सुरू झालेल्या कळा ऊन वर आलं तशा मंदावत चालल्या होत्या.

"गेला असात तर सांग गो," राधाबाई म्हणाली. "चिंचपोकळीच्या सुईणीक बोलावतंय. ती ओढून काढीत. सून तरी वाचतली."

तुळसाबाईला हे सगळं कळलं, पण ओठांवरून. चौदा वर्षं तिनं गिरणीत रिळखात्यात काढली होती. यंत्रांच्या त्या धडधडाटात कुणाचा आवाज कुणाला पोचतो? बायका ओठांनी आणि हातांनीच बोलायच्या. चहाड्या, भांडणं, सोयरिकी, सगळं बिनआवाजी. त्यामुळे पुढं कान गेले तरी कुणाला पत्ता लागला नाही. खुद्द तिलाही नाही. हल्ली माणसं पुटपुटायलाच लागलीत, असं ती म्हणायची आणि रागवायची.

मग तीन महिन्यांपूर्वी वरच्या मजल्यावरची कालिंदी बाळंत झाली. पोर बाहेर आलं, तुळसाबाई खुशाल नाळ बांधत बसली. पोर रडलंच नव्हतं. कालिंदीच्या आईनं तिचा खांदा गदागदा हलवला तेव्हा हिच्या ध्यानात आलं. तळव्यांवर चापट्या मारल्या, पोर रडलं, जगलं. पण चाळीत व्हायची ती कुजबुज झाली. त्यानंतर दोन घरांनी चिंचपोकळीच्या सुईणीला बोलावलं. एकटी शेवंती हट्टाला पेटली, की मला तुळसाकाकीच पाहिजे.

तुळसाबाईचा मुलगा जयवंत माझगावच्या गोदीत बोटी रंगवायचा. त्यानं कुणा मेलेल्या कप्तानाच्या सामानाच्या लिलावातून एक पितळी कर्णा आणला. हातभर लांब, एका टोकाला निमुळता, दुसरीकडे धोतऱ्याच्या फुलासारखा पसरट. बहिरे साहेबलोक तो कानाला लावतात म्हणे. जयवंतनं महिनाभर विनवण्या केल्या, मग अबोला धरला. ही ऐकेना. कर्णा लावलेली सुईण कोण घरात घेईल, हा तिचा सवाल. त्यात समोरच्या खोलीतले अण्णा येताजाता विचारायचे, "तुळसाबाई, वरात कधी निघतेय?" म्हणजे संपलंच. तिनं त्या कर्ण्यानं दिव्यात घासलेट ओतायला सुरुवात केली.

आणि आता ही वेळ.

चिंचपोकळीवालीची रीत सगळ्यांना ठाऊक होती. हात घालायचा आणि ओढायचं. पोर जिवंत असलं तर जायचंच. आणि पोर गेलेलं असून वाट बघत बसलं, तर शेवंतीही हातची जायची. एका शब्दावर सगळं येऊन ठेपलं होतं, आणि तो शब्द तुळसाबाईनं सांगायचा होता. आहे म्हटलं असतं तरी खपलं असतं, नाही म्हटलं असतं तरी खपलं असतं. कुणी तपासणार नव्हतं.

शेवंतीनं तिचं मनगट धरलं. ओठ हलले. "आहे ना, काकी?"

तुळसाबाई उठून उभी राहिली. बोलली ती एवढ्या मोठ्यानं, की खालच्या नळावरच्या बायकांनी माना वर केल्या.

"माका ऐकाक येत नाय. दोनय कान गेलेत माझे. पोर आसा का नाय, माका कळत नाय."

खोलीत कोण काय म्हणालं, राधाबाईनं कपाळ कसं बडवलं, तिनं पाहिलंच नाही. तिनं कालिंदीकडे बोट केलं. "माझ्या खोलीत घासलेटच्या डब्यावर तो कर्णा आसा. पळत जा."

कालिंदी पळाली. तीन महिन्यांचं पोर शेजारणीच्या मांडीत टाकून पळाली आणि धापा टाकत परत आली. तुळसाबाईनं कर्णा पदरानं पुसला, पसरट तोंड शेवंतीच्या पोटावर टेकवलं, निमुळतं कानात घातलं आणि हात वर केला. गप्प.

कालिंदी गॅलरीत गेली. तिनं वरच्या मजल्यावरचं मुसळ थांबवलं. खाली सुऱ्यांना धार लावणाऱ्याचं चाक थांबवलं. नळावरचं भांडण थांबलं, गोट्या खेळणारी पोरं उभी राहिली. का, ते कुणी विचारलं नाही. राहिली ती लांबच्या गिरण्यांची घरघर.

आधी नाकात नुसतं घासलेट. मग कानात आपल्याच रक्ताचा घूंऽऽ आवाज. तुळसाबाईनं कर्णा बोटभर खाली सरकवला. नाही. डावीकडे. नाही. आणखी डावीकडे, जरा दाबून.

तिचे डोळे मोठे झाले.

तिनं नुसतं एक बोट वर केलं आणि ती ते हलवायला लागली. टक टक टक टक. मागावरचा धोटा पळावा तसं ते बोट पळत होतं. बायका त्या बोटाकडे बघत राहिल्या. गिरणीतल्याच बायका त्या, सांगावं लागलं नाही. शेवंतीनं बोट पाहिलं आणि ती हसता हसता हुंदके द्यायला लागली.

राधाबाई पुढं सरसावली. तिनं कर्णा जवळजवळ हिसकावून घेतला, कानाला लावला, आणि तशीच भुईवर बसली. उठायचं नाव घेईना. शेवटी कालिंदीनं तिला बाजूला केलं.

मग काय, चाळ नुसती पेटली. तुळसाबाईनं शेवंतीला उठवून चालवलं, गुडघ्या-हातांवर ओणवी केली, कंबर शेकली. घटकेघटकेला कर्णा पोटावर, आणि बोट वर. बोट हललं की कालिंदी गॅलरीतून खाली सांगणार, आणि खालून अण्णा पुढच्या चाळीला सांगणार. कळा परत जोरात सुरू झाल्या. दुपारच्या सुट्टीचा भोंगा झाला आणि पाठोपाठ मुलगी बाहेर आली.

निळसर, गप्प.

या वेळी तुळसाबाई कुणी सांगायची वाट बघत थांबली नाही. एका हातानं कर्णा कानाला लावून पोरीच्या तोंडाशी धरला, दुसऱ्या हातानं तळव्यांवर चापट्या मारत राहिली. एक. दोन. पाच. आणि ऐकू आलं. बारीक, चिरकं, रागावलेलं. कितीतरी वर्षांत तिनं बाळाचं पहिलं रडणं ऐकलं नव्हतं. पोरं रडली असतील, हे ती धरून चालली होती. तिनं गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ ऐकलं. नाळ बांधायची राहिलीय, हे शेवटी कालिंदीनं तिला हात लावून सांगितलं.

सगळं आवरल्यावर ती भिंतीला टेकून बसली. बाहेर पोरं कर्णा बघायला दारात गर्दी करून उभी होती. तिनं तो लपवला नाही.

राधाबाई पेजेची वाटी घेऊन आली. शेजारी बसली. तुळसाबाई तिच्या ओठांकडे बघायला लागली, तशी राधाबाईनं नकारार्थी मान हलवली. तिनं कर्णा उचलला, निमुळतं टोक तुळसाबाईच्या कानापाशी नेलं आणि पसरट तोंडाशी आपलं तोंड नेलं. बहिऱ्या माणसाशी लोक ओरडूनच बोलतात. राधाबाई मात्र, पलीकडं पोर निजलंय म्हणून बोलावं तशी, अगदी हळू बोलली.

"तुळसा, पेज घे गो. गरम आसा."

तुळसाबाईनं एका हातात वाटी घेतली. दुसऱ्या हातानं कर्णा कानाशी तसाच धरून ठेवला.